दोन तास मागे

पिवळ्या कागदावर मार्लिसनं मधोमध रेघ मारली.
डावीकडे लिहिलं 'जायचं', उजवीकडे 'राहायचं'.
उजवी बाजू माझी. ती मी एका दमात भरली:
घराचे हप्ते फिटले. तळ्यावरची मासे धरायची झोपडी.
वडिलांची कबर. बर्फ.

बर्फ हे काय कारण झालं, ती म्हणाली.
सव्वीस वर्षं मी काउंटीचा नांगर चालवतो,
शेतातला नव्हे, रस्त्यावरचा, बर्फ कापणारा.
पहाटे तीनला निघतो, आणि माझ्या पाठीमागून
काळा रस्ता उलगडत येतो
शाळेच्या बससाठी, ज्याला त्याला.
कॅलिफोर्नियात मी बाजूला काय सारू?
ऊन?

डावी बाजू तिनं कोरी ठेवली.

फेब्रुवारीत जाऊन पाहून आलो, पाच दिवस.
सॅन होजेत एका खोलीसाठी एकतीस माणसं रांगेत.
प्रत्येकाच्या काखेत फाइल: पगाराच्या पावत्या,
जुन्या घरमालकाची चिठ्ठी. एकीनं तर
कुत्र्याचंही शिफारसपत्र आणलेलं.
बुई नावाचे गृहस्थ दारात. अदबीनं म्हणाले, बूट काढा.
जिन्यात एकतीस जोड. त्यात माझे
गुडघ्यापर्यंतचे, मूर्खासारखे ताठ.
भाडं ऐकून मी विचारलं, वर्षाचं ना?
रांग हसली. कुचेष्टेनं नाही,
दमलेली माणसं हसतात तशी.
बाहेर फुटपाथवर लिंबं पडलेली, कुणी उचलेना.
मी दोन खिशात घातली, आणि पुढचा चौक येईपर्यंत
मागे वळून पाहत राहिलो.

परतलो तर एल्डनचा फोन.
दर वादळानंतर तो मला शिव्या हासडतो,
त्याच्या गॅरेजच्या तोंडाशी ढीग लोटतो म्हणून.
या वेळी म्हणाला, असू दे रे, मी काढीन हळूहळू.
म्हणजे कळलं होतं त्याला.
त्याच्या चांगुलपणानं माझं पित्त खवळलं.

मग एका पहाटे कामावर निघताना
स्वयंपाकघरातल्या घड्याळात एक वाजलेला.
सेल संपला असेल, म्हणून काढून टॉर्चमध्ये घातला.
टॉर्च लख्ख पेटला.
त्या उजेडात मी उभा, एका हातात टोपी.
तिथं आत्ता एकच वाजला असणार.

आमच्या इस्पितळातला बाळंतविभाग बंद पडून चार वर्षं झाली.
त्या खोलीत आता घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्यात.
बायका सत्तर मैल जातात, कधी कधी माझ्या नांगरामागून.
आणि मार्लिस म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजते.
एकोणीस वर्षं हे गाव जिच्या तळहातांवर उतरलं
ती हात धुते, पुसते, मग नुसती बघत बसते.
मला दिसत नव्हतं असं नाही.
मी ते कागदावर धरलं नव्हतं.

रांगेत मी एकतीस माणसं मोजली.
तिनं काय मोजलं असेल?
एकतीस वेळा कुणीतरी दिवा लावून जागं होतं.

सेल परत घातला. काटे होते तिथेच ठेवले.

रात्री अंधारात विचारलं, तिथला समुद्र गोठतो का गं?
नाही.
मग हिवाळ्यात माणसं बोलतात कशावर?
भाड्यावर, ती म्हणाली.
पलंग हलला तेव्हा कळलं, हसतेय.
मग हलायचा थांबला, आणि तिनं माझं मनगट धरलं,
नाडी बघतात तसं.

एप्रिलचा बर्फ हट्टी असतो, ओला आणि जड.
त्या पहाटे एल्डनच्या गॅरेजशी मी वेग कमी केला,
पातं तिरपं केलं, आणि मुद्दाम,
कमरेएवढा ढीग लोटून दिला.
सहाला फोन वाजला.
माझ्या आईपासून सुरुवात केली त्यानं.
ट्रक कडेला घेऊन, इंजिन बंद करून
मी शेवटपर्यंत ऐकलं.