उलटी बाजू

टोकोरोआत हिवाळ्यातल्या सकाळी गवत काचेसारखं मोडतं.
लगद्याच्या गिरणीचा तो उकडलेल्या कोबीचा वास
तेपाएरूच्या गॅरेजात आमच्या आधी येऊन बसलेला असतो.
आम्ही गाडी बाहेर ढकलतो, हीटर लावतो, चटया अंथरतो.
बाहेर ओंडक्यांचे ट्रक जातात,
टाचण्यांचा डबा जरासा थरथरतो.

चौघी जणी. पूर्वी सहा होतो.
उरलेल्या दोघींच्या अंगावर
आम्हीच शिवलेल्या तिवायवाय आहेत, मातीखाली.
पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाही
इतकं बारीक काम.

ही नवी तेपाएरूच्या नातवासाठी.
तेइना. सहा वर्षांचा, केस कमरेपर्यंत.
शाळेत मुलं त्याला मुलगी म्हणतात,
तो म्हणतो, ऑक्टोबरपर्यंत थांबा.
ऑक्टोबरात खुर्चीवर ही पसरायची, वर त्याला बसवायचं,
एकेका नातेवाइकाने एकेक बट कापायची.

लाल कापड आठ पदरी दुमडून
तेपाएरूने कात्री लावली.
पेन्सिल नाही, कागद नाही.
पेटीत ठेवलेलं बेटच जणू घडीतून उलगडलं:
नीरफणसाची पानं, मधोमध एक डोळा.
खाली पिवळं हवं की जांभळं, यावर
मीइ आणि न्गापोको दोन गुरुवार बोलल्या नाहीत.
पिवळं ठरलं. मीइ अजूनही मानत नाही.

मे महिन्यात माझ्या लक्षात आलं:
तेपाएरूचे टाके लांब पडताहेत.
पानाची कड सोडून भलतीकडेच चाललेत,
दुपारी झोपेत चालणाऱ्या माणसासारखे.
सुई ओवताना ती दोरा तोंडात धरून
बराच वेळ नुसती खिडकीकडे बघायची.

कुणी काही बोललं नाही.
तिवायवाय आळीपाळीने घरी न्यायची रीत आहेच.
माझ्या पाळीला मी दिव्याखाली तिचं पान उसवलं,
लेकराच्या पायातला काटा काढावा तसं, हळू.
पुन्हा शिवलं. बारीक, सरळ.
न्गापोकोला फोन केला. ती म्हणाली,
मागच्या आठवड्यात दुसरं पान मी केलं.

गुरुवारी तेपाएरूने कापड उलटं केलं.
उलट्या बाजूवरून बोटं फिरवली,
गाठीगाठीशी थांबत.
म्हणाली, पान माझं आहे. टाके माझे नाहीत.

हीटर टकटक करत राहिला.
मीइ उठली आणि कुणी न मागितलेला चहा ओतू लागली.

मग तेपाएरू हसली, पोट धरून, खोकला येईपर्यंत.
अगं, तीस वर्षं रात्री बसून
तुमच्या शेपट्या मी उसवत आले.
मीइच्या वेली, न्गापोकोचे कोपरे.
आणि अकाइती, तुझं ते पहिलं फूल,
ते तर अख्खंच.

ते फूल.
माझ्या बहिणीच्या लग्नात
पाहुण्यांना हाताला धरधरून दाखवलेलं:
हे मी केलं.

मला राग यायला हवा होता. आला, थोडा.
डोळे खाली घालून मी टाचण्या मोजत बसले.
सत्तावीस.

तेपाएरूने सुई पुढे केली. ओवून दे, म्हणाली.
आणि एक पान मला परत द्या.
मग माझेच सरळ टाके मी पुन्हा काढले,
आणि ती शिवत गेली, लांब, तिरके,
मध्येच कुणालातरी शिव्या घालत, मध्येच प्रार्थना.

ऑक्टोबरात सभागृहात
बिटाने गुलाबी झालेली बटाट्याची कोशिंबीर,
केसांना बांधलेल्या रिबिनी, तीसेक कात्र्या.
तेइना ताठ बसला होता.
पहिल्या कात्रीचा आवाज कानाजवळ झाला
तेव्हा त्याने डोळे मिटले,
डावा हात खाली चाचपडला
आणि त्याचं बोट एका लांब टाक्यात अडकलं.
शेवटची बट पडेपर्यंत
त्याने ते सोडवून घेतलं नाही.