निकाल सांगू नका

एप्रिलमध्ये आमच्या डुलुथला
दोन ऋतू एकाच खुर्चीत बसायला येतात
आणि दोघांतला एकही उठत नाही.

सरोवरावर अजून बर्फाच्या लाद्या आहेत.
वर्षाची पहिली जहाजं भोंगे देत त्या फोडत येतात,
आणि माझ्या ओट्यावरच्या रेडिओत
दूर दक्षिणेला, अर्ध्या बाह्यांच्या उन्हात,
कुणीतरी चेंडू उंच मारलेला असतो.

बेसबॉलला घाई नाही, हे मला आवडतं.
एकशे बासष्ट सामने.
आज हरलो, तर उद्या दुपारी पुन्हा आहेच.
निवेदक मध्येच गप्प होतो
आणि त्या गप्पपणात शेंगावाल्याची हाक ऐकू येते.
मी बटाटा सोलते. पिचर टोपी सारखी करतो.
मी दुसरा बटाटा घेते.
जानेवारीत, उणे तीसमध्ये, बस चालू होईना
तेव्हा चावी फिरवत मी
ह्याच टोपीची वाट बघत होते.

पण रात्री टीव्ही लागला
की दुपारची ती बाई मला ओळखणार नाही.
हॉकीचे प्लेऑफ.
सातांतले चार जिंका, नाहीतर सामान आवरा.
मी कोचावर गुडघे रोवून
समोरच्यांच्या पोरांना शिव्या घालते,
आपल्या पोरांना त्याहून चार जास्त.
आमचा एक बचावपटू तोंडातलं रक्त पुसतो,
पडलेला दात कुणाच्या तरी हातात ठेवतो
आणि परत बर्फावर उतरतो.
मी दाढदुखीची रजा घेतली होती मार्चमध्ये.
तीन दिवस.

माझा दीर आर्वो ह्या दिवसांत दाढी करत नाही.
हरलो की त्याच रात्री करतो, असा त्याचा नेम.
गेल्या वर्षी आठ दिवसांचं तण होतं फक्त.
यंदा तेरा झाले.
चर्चमध्ये बाया हळूच विचारतात, घरी सगळं ठीक ना?

काल सहावा सामना. आम्ही तीन-दोनने मागे.
बरोबरी. ओव्हरटाइम.
पुन्हा ओव्हरटाइम.
साडेबारा वाजलेले मी पाहिले.
मग एकदम पाच वाजून दहा:
पोटाखाली रिमोट, मानेत कळ,
पडद्यावर एक माणूस गालिचे विकतोय.

मी टीव्ही बंद केला. फोन पिशवीत तळाला टाकला.
बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक पोराला म्हटलं,
निकाल सांगू नका.
वायट नुसता जांभई देत गेला.
ती जिंकलेल्याची जांभई होती की हरलेल्याची,
आरशात तीन चौकांपर्यंत बघत राहिले.

शेवटच्या थांब्यावर आर्वो, नातीचं दप्तर धरून,
मफलर थेट नाकापर्यंत.
मी दार उघडलं.
‘काढ.’
‘थंडी आहे.’
‘आर्वो, काढ.’

मफलर खाली आला.
डावा गाल गुळगुळीत. उजव्यावर तेरा दिवस.

‘त्यांनी गोल मारला,’ तो म्हणाला,
‘मी थेट न्हाणीघरात. वस्तरा इथपर्यंत आला,
आणि बाहेरून मरीट ओरडली, आजोबा थांबा,
पंच पुन्हा बघतायत!’
‘मग?’
‘गोल रद्द. सहा मिनिटांनी आपण मारला.
मी फेसासकट अंगणात.’

सातवा सामना आहे. उद्या. सातवा.
मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं
तर हॉर्न वाजला, लांबलचक,
आणि पलीकडच्या घरात दिवा लागला.

‘उरलेली अर्धी?’ मी विचारलं.
‘हात लावायचा नाही,’ आर्वो म्हणाला.
‘आता हीच जिंकते आहे.’
मग पायरीवरून वाकून:
‘आणि बेसबॉल?’
‘अकरा-दोनने आपटलो.’
‘बरं,’ तो म्हणाला, जणू मी
दूध संपल्याचं सांगितलं होतं.

अजून एकशे त्रेचाळीस आहेत.
मी दार लावलं. मरीट खिडकीशी बसली.
सगळी बस कुजबुजत होती,
आता सांगू का, बाई, आता सांगू का?