भाड्याचा वारा

बाबा कूलर भाड्यानं द्यायचे, नंदनवनच्या चौकात.
पत्र्याची पेटी, वाळ्याची ताटी, आत एक मोटर.
पाणी गिऱ्हाइकानं भरायचं.
गळती निघाली की बाबा सायकलवर, खिशात एम-सील.
जूनमध्ये सगळे परत यायचे, गंजलेले,
कुणाकुणाच्या घराचा वास घेऊन.

हे मी टेमराजला कधी सांगितलं नव्हतं.
आम्ही इतवारीत, भांड्यांच्या दुकानावर,
दहा बाय बाराच्या खोलीत फोन उचलायचा धंदा काढला होता.
उमरेड, काटोल, भिवापूरचे किराणावाले बोलायचे
आणि आमचं यंत्र लिहून घ्यायचं:
दोन कट्टे लाखोळी, अर्धा कट्टा सोजी,
अन् मागचा गूळ ओला होता ना बे, पाहून पाठवजो.
यंत्र ओला गूळ लिहायचं, बे गाळायचं.
टेमराज खूश. म्हणायचा, याले समजते.

याले म्हणजे कोणाले, ते आम्ही बोलत नसू.
पाटी आमची. आवाज टेमराजच्या मामीचा,
चार रविवार पंखा बंद करून भरलेला.
समज तेवढी दूरच्या एका कंपनीची,
शब्दागणिक पैसे मोजून आणलेली.

बंगळुरूहून गुंतवणूकदार बाई आल्या.
विचारलं, तुमच्याभोवती खंदक कोणता?
टेमराज म्हणाला, नाग नदी.
बाई हसल्या नाहीत.
पोह्यांवरची तर्री चमच्यानं बाजूला सारली
आणि काहीतरी लिहून घेतलं.

मेल आली सतरा मेला, सेहेचाळीस डिग्रीत.
फार सभ्य. कळवण्यास आनंद होतो, अशी सुरुवात.
एकवीस दिवसांनी जुनं मॉडेल बंद,
नवं त्याहून हुशार.
तळाला बारीक अक्षरात नवा भाव.

होतंच हुशार, खोटं कशाला बोलू.
कायदा सांगायचं, श्लोकाचा अर्थ सांगायचं,
आणि भिवापूरच्या हटवार काकांना मामीच्या आवाजात म्हणालं,
क्षमस्व, आपण कृपया स्पष्ट बोलाल का?
काका म्हणाले, मी का मुका आहो का बाप्पा?
लाखोळीच्या लाख पोळ्या झाल्या.
उमरेडच्या एका दुकानानं ते बिल
गल्ल्यामागं, लक्ष्मीच्या फोटोखाली चिकटवलंय म्हणतात.

मग आम्ही रात्रभर सूचना लिहिल्या त्याच्यासाठी.
काहून म्हणजे का.
करून रायलो म्हणजे करतो आहे.
बे ही शिवी नाही.
बे ही शिवी असूही शकते, आवाज ऐकून ठरव.
इथं टेमराज थांबला. तीन वाजले होते,
खाली कुणीतरी शटरला टेकून खोकत होतं.
म्हणाला, आपण हे कोणाले शिकवून रायलो?
अन् उद्या त्यानं स्वतःच फोन उचलला तर?
मी म्हटलं, लिही.
त्यानं लिहिलं नाही.

घरी आले तेव्हा बाबा पंप उघडून बसले होते.
जमेल तसं सांगितलं सगळं.
त्यांनी मॉडेल म्हणजे काय ते विचारलं नाही.
विचारलं, कोणत्या महिन्यात नेलं म्हणते?
मे मध्ये.
पाना खाली ठेवला त्यांनी.
मे मध्ये कूलर वापस नाही मागत बेटा कोणी.
पैसे थकले तरी मी मृगापर्यंत थांबत होतो.
मी म्हटलं, बाबा, त्यांच्याकडे मे नसेल.
असं कसं, म्हणाले, आणि बराच वेळ
त्या उघड्या पंपाकडे पाहत राहिले.

मामीचे चार रविवार आहेत अजून, एका पेनड्राइव्हवर.
टेमराज गोंदियाला गेलाय, येतो म्हणाला आहे.
हटवार काकांचा फोन आता माझ्याच नंबरवर येतो.
मी वहीत लिहिते:
लाखोळी दोन कट्टे, सोजी अर्धा.
गूळ कोरडा. खाली दोन रेघा.