मुद्देमाल

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आबांची ट्रंक उघडली.
खाकी नव्हतीच तीत. खाकी त्यांनी
रिटायर झाल्याच्याच आठवड्यात
बाबल घाड्याच्या कुळथात बुजगावण्याला देऊन टाकली.
पट्टा तेवढा ठेवला, बैल बांधायला होईल म्हणून.
बैल आमच्याकडे कधीच नव्हता.

वर डांबराच्या गोळ्या, खाली वह्या.
लाल पुठ्ठ्याच्या, सरकारी आखणीच्या, नऊ.
पहिल्या पानावर:
मोतीराम लक्ष्मण कोयंडे, सहायक फौजदार (सेवानिवृत्त),
बक्कल नंबर चारशे सतरा.
हद्द : घर ते शाळा, शाळा ते जेटी.

वेळ ०७.२०. नात नामे कस्तुरी, वय सहा, रा. तारामुंबरी,
शाळेत रवाना. सोबत दप्तर एक, डबा एक,
डब्यात घावन दोन.
रडण्याचा प्रकार : घडला नाही.

वेळ १७.०५. सदर इसम परत.
रिबीन एक गहाळ. तपास चालू.

माझा पहिला दात पडला
तेव्हा त्यांनी रीतसर पंचनामा केला.
पंच क्रमांक एक म्हाळसा तारी,
लिलावावरून येत होती, डोक्यावरची टोपली न उतरवताच
अंगठा उमटवून गेली, पानाला अजून मासळीचा वास आहे.
पंच क्रमांक दोन पोस्टमन.
दात कागदात, कागद काड्यापेटीत,
वर लाख, लाखेवर पाच रुपयांच्या नाण्याचा छाप.

हे मी ज्यांना सांगते ते हसतात.
मीही हसायचे.

बाराव्याला एक म्हातारा आला होता,
डावा हात कोपरात वाकडा.
खळ्याच्या कडेलाच उभा राहिला, जेवला नाही, पाणी घेतलं.
"ह्यो हात तेंनी मोडलो," म्हणाला,
"म्हटला, येवन जावया."
आणि गेला.
नऊच्या नऊ वह्या पुन्हा चाळल्या मी.
त्या हाताची नोंद नाही.

समुद्रावर नेत ते आम्हा पोरांना,
पण स्वतः कधी पोहले नाहीत.
पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे, पँट दुमडून,
दर दोन मिनिटांनी आमची डोकी मोजत.
"पाण्याक पाठ दाखवू नको, चेडवा."
मला वाटायचं, जुनी सवय, गर्दी मोजायची.

पाचव्या वहीत, माझ्या गोवराच्या आणि
कोंबडीच्या चोरीच्या मधे,
तारखेशिवाय, वेगळ्या शाईत:
सन ब्याऐंशी. मिठमुंबरीचा किनारा. मुलगा एक, वय अंदाजे सात.
ओळख पटली नाही. डॉक्टर सकाळी.
रात्रभर एकटाच बंदोबस्ताला.
कुर्ल्या हाकलत होतो.
पुढची ओळ खोडलेली,
इतकी, की कागद फाटलाय.

मग मी बारावी झाले.
वेळ १८.३०. नात पुण्यास रवाना. एसटी चाळीस मिनिटं उशिरा.
बॅगा दोन, आंब्याची पेटी एक, सोलांची बाटली एक.
रडण्याचा प्रकार :
आणि पुढे काहीच नाही.
दुसऱ्या दिवसापासून रोज एकच ओळ,
वेळ १७.०५. परत : नाही.
वेळ १७.०५. परत : नाही.
कधी कधी सोबत हवामान. कधी बांगड्याचा भाव.
सुट्टीत मी यायचे, ते दिवस त्यांनी कोरे सोडलेत.
लिहायला वेळ मिळाला नसणार.

ट्रंकेच्या तळाशी काड्यापेटी.
लाख शाबूत. चिठ्ठी डकवलेली:
मूळ मालकास परत देणे. मिळाल्याबद्दल सही,
पुढे रेघ, त्यांनी पट्टीने मारलेली.

मी पेन शोधतेय.
त्यांच्या खिशातलं सुकलंय, माझं बॅगेत कुठेतरी.
बाहेर म्हाळसाबाय टोपली टेकवते,
"बांगडे व्हये काय गे?
आता चलतत मां?"