आणि मुलगे

बटाट्यांसाठी खणताना बाटली लागली,
गोटी अजून गळ्यात रुतलेली.
काचेवर उठलेली अक्षरं:
ऑर्मरॉड अँड सन्स, टॉडमॉर्डन.

शेजारचे क्लिफर्ड कुंपणावरून म्हणाले,
सन्स कुठले!
दोघेही फ्रान्सच्या चिखलात राहिले.
आलं उकळायची, गॅस भरायची,
घोडागाडी हाकायची ती विनी.
एकदा बाटली फुटली तोंडावर,
तेव्हापासून डावा डोळा मिटलेलाच.
एकेचाळीस वर्षं.

मग साचा का नाही बदलला?
नव्या साच्याला पैसे पडतात,
माझ्या आईला सांगायची,
आणि बाबा रोज सकाळी येतात
रिकाम्या बाटल्या मोजायला.
वाचता येतं त्यांना ते तेवढंच.

नळाखाली माती सुटली.
गोटी खुळखुळली.
क्लिफर्डनी हात पुढे केला:
परत केली की एक पेनी मिळायची.