शिंक

आधी चेंडू आणला होता,
पोटाला भोक असलेला, निळा.
गडगडला तर एखादा दाणा सांडतो,
नाही गडगडला तर नाही.
लवंग्यानं दोन दिवस त्याच्याकडे
सोसायटीच्या नोटिशीकडे बघावं तसं बघितलं.
तिसऱ्या दिवशी नाकानं ढकलला.
आठवड्याभरात त्याला कळलं,
मोरीच्या उंबऱ्यावरून खाली सोडला
तर एका फटक्यात पाच-सहा पडतात.
खालच्या मढवीबाईंनाही कळलं.
भर दुपारी, त्या म्हणाल्या,
तुमच्याकडे वरवंटा कोण लोळवतं?

रडण्यापेक्षा बरं, असंही म्हणाल्या.
त्याचं रडणं कोपरखैरण्याचे दोन सेक्टर ओलांडून जायचं.
मी तेव्हा वाशीला, मसाला मार्केटच्या गाळ्यात,
ब्याडगीच्या पोत्यांमागे बसून
आवक-जावक लिहीत असायची.

मग मनवानं, माझ्या भाचीनं, यंत्र बसवलं.
लोणच्याच्या बरणीएवढं, पांढरं,
कॅमेऱ्याचा एकच डोळा.
फोनवर बोट ठेवलं की आधी माझा आवाज,
'लवंग्या, ये रे, ये राजा',
मग टक्,
आणि वाटीत तीन दाणे.
आवाज भरताना मनवा म्हणाली, मावशी, जरा लाडानं.
लाडानं बोलायची सवय कुठे होती?
सहाव्यांदा जमलं.

मिरचीचा भाव पडला की मी बोट ठेवायचे.
शेटजी ओरडले की बोट.
एकटीनं डबा उघडताना
बोट.
पडद्यावर तो येताना दिसायचा,
कान उलटे, फरशीवर वळण न जमून घसरत,
आणि खाऊन झाल्यावर
त्या डोळ्याकडे बघत बसायचा.
मला वाटायचं, माझ्याकडेच बघतोय.

एका शनिवारी गाळा लवकर बंद झाला.
कुलूप काढलं, चपला काढल्या,
आणि दारातूनच, आता येत होतं मला, लाडानं म्हटलं,
'लवंग्या, ये रे, ये राजा.'
आतून नखं वाजली.
तो पलंगाखालून निघाला, धावत,
माझ्यासमोरून गेला
आणि यंत्रापुढे जाऊन बसला,
शेपटीनं फरशी झाडत.
मी परत म्हटलं.
त्यानं यंत्राला पंजा दिला.

हसू आलं मला. खरंच आलं.
मग पिशवी हातात धरून उभीच राहिले,
चुकीच्या मजल्यावर बेल वाजवल्यासारखी,
गप्प.

तेव्हा त्याचं नाक हललं.
माझ्या निऱ्यांत, केसांत, नखांच्या कडांत
दिवसभराची ब्याडगी, धणे, थोडी जायपत्री.
तो उठला, सावकाश आला,
पदरात तोंड खुपसलं
आणि शिंकला.
एकदा, दोनदा, मग मोजलंच नाही,
दर शिंकेला कपाळ माझ्या गुडघ्यावर आपटत,
आणि पुन्हा पदरातच.

त्या रात्री मी माझा आवाज पुसला.
मनवा रागावली, एवढं शिकवलेलं वाया जाईल म्हणाली.
काही गेलं नाही वाया.
यंत्र आता नुसतं टिंग म्हणतं.
टिंगला तो जातो, खातो,
आणि ड्युटीवरून परतल्यासारखा
चटईवर अंग टाकतो.

सकाळी मी पिशवी उचलते.
धुतलेल्या साडीलाही वास उरतोच.
तो उंबऱ्याशी येतो आणि शिंकतो.
निघताना कुणी शिंकलं तर थांबावं, आई म्हणायची,
घोटभर पाणी पिऊन निघावं.
मी टेकते, पाणी पिते.
मुठीतून एक दाणा सांडतो.
तो खातो, तोंडाकडे बघतो,
विचार करतो,
पुन्हा शिंकतो.

वाशीची बस गेलेली असते.
पुढची वीस मिनिटांनी.