चौतीस पावलं

माझ्या वाट्याला उतारावरची सहाशे झाडं आली,
फ्रीटाउनच्या पाठीशी बसलेल्या डोंगराच्या
खरचटलेल्या अंगावर
आमच्याच वस्तीने लावलेली.
दर तीन महिन्यांनी मी फोन घेऊन चढते,
एकेकासमोर उभी राहते, फोटो काढते,
आणि दोनांपैकी एका चौकटीवर बोट टेकवते:
जगलं. मेलं.
जगल्याचे पैसे मिळतात.
मेल्याचं कारण लिहावं लागतं.

बकरी. वणवा. बकरी.
पोरांचा फुटबॉल.
पुन्हा तीच बकरी, याबोमची, एका शिंगाची,
माझ्याकडे बघत निवांत रवंथ करणारी.

डोंगर उतरला त्या पहाटे मी अकरा वर्षांची होते.
लोक कोसळला म्हणतात. आमच्या घरात म्हणतात, उतरला.
वर धरायला कुणाचं मूळ उरलं नव्हतं.
पोसेहमावशी अजून एक वाटी तांदूळ जास्त शिजवते.
का, ते आम्ही विचारत नाही.

म्हणून ४११७च्या जागी नुसता बुडखा दिसला
तेव्हा तोंडात आलेली शिवी मी गिळली नाही.
शेवगा होता. माझ्या डोक्यावरून गेलेला.
कोयत्याचा तिरपा, स्वच्छ घाव,
आणि घाव घालणारा हाकेच्या अंतरावर:
संतिगी. नवा पत्रा, नवं बाळ, नवं कुंपण.
"बकरी आत येते," म्हणाला,
जणू एवढ्यात सगळं आलं.

मी भांडायलाच गेले होते.
पण कुंपणाच्या तिसऱ्या मेढीला
नखाएवढं पान होतं.
मग चौथीला दोन.
एका झाडाचे चार तुकडे,
वाळवंटावरून आलेल्या धुळीत माखलेले,
आणि चारही हिरवे होऊ लागलेले,
कुणालाही न विचारता.

सालीवर हात ठेवला. गार होती.
हातातला फोन बोलला:
तुम्ही तुमच्या झाडापासून चौतीस पावलं दूर आहात.
कृपया मागे वळा.

झाडं चालत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.
डोंगर चालतो, हेही नको.

जगलं म्हणावं तर जागा चुकते.
मेलं म्हणावं तर पान खोटं पडतं.
तिसरी चौकट नाही.
संतिगीची बायको बाहेर आली,
बाळाच्या आंघोळीचं कोमट पाणी
मेढीच्या बुडाशी हळूच ओतून
आत गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं,
शेजारी राहायला गेलं.
कोन्टेहसाहेब संध्याकाळी फोन करतील,
असलं काही चालत नाही म्हणतील,
तेव्हाचं तेव्हा.

आत्ता मी चौतीस पावलं मागे आले आहे,
पिशवीत महोगनीचं वीतभर रोप,
बुडख्याशेजारी दगड उचलतेय.
खड्डा संतिगी खणतोय.
मी बोलावलं नव्हतं.
आम्ही अजून एकमेकांशी धड बोललेलो नाही.